मोहरा देण्याचा हिशेब

तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेत हॉलच्या दाराशी थोडा वेळ उभं राहिलं, तरी आपल्याकडे हा खेळ कोणत्या नजरेनं पाहिला जातो ते कळतं. बारामती असो की इंदापूर, चित्र तेच. आत लांब टेबलांवर गुंडाळीचे पट मांडलेले असतात, बाहेर डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत पालक उभे असतात. वालचंदनगर, भिगवण, बावडा, सुपे, मोरगाव अशी कुठून कुठून पोरं आलेली असतात. डाव संपवून पोर बाहेर आलं आणि चेहरा उतरलेला दिसला, की पहिला प्रश्न येतो, “काय गेलं तुझं? हत्ती का?”

प्रश्न चुकीचा नाही. नव्यानं शिकणाऱ्याचं पहिलं वर्ष मोहरा फुकट न घालवण्यातच गेलं पाहिजे. अडचण पुढं येते. दोन-तीन वर्षं खेळलेली, चाली पक्क्या असलेली, डोकं चांगलं चालणारी मुलंसुद्धा पटाकडे दुकानदाराच्या वहीसारखी बघत राहतात. आपले किती, त्याचे किती, वजाबाकी किती. अशा मुलाला समोरच्यानं एक उंट देऊ केला की तो आनंदानं घेतो आणि पाच चालींत मात होऊन बाहेर येतो. स्वतःहून तर तो प्यादंही कधी सोडत नाही. हल्ला ही गोष्ट त्याच्या खेळात उगवतच नाही, कारण हल्ल्याला लागणारी किंमत मोजायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

मोहऱ्याचं बलिदान म्हणजे धाडस, बेदरकारपणा, अंगभूत प्रतिभा असं काहीबाही बोललं जातं आणि साधं पोर दबून जातं. प्रत्यक्षात बलिदान मोजता येतं, आणि सहावीतल्या मुलालाही ते मोजायला शिकवता येतं.

प्याद्याला १, घोड्याला ३, उंटाला ३, हत्तीला ५, वजिराला ९ हा तक्ता सगळ्यांना पाठ असतो. हा तक्ता सरासरीचा आहे. सगळा पट मोकळा आहे, डाव लांब चालणार आहे, अशा वेळी हत्ती साधारण पाच प्याद्यांएवढं काम करतो, इतकाच त्याचा अर्थ. कोपऱ्यात आपल्याच घोड्याच्या आणि प्याद्याच्या मागं अडकलेला हत्ती या क्षणी काहीही करत नसतो. त्याला कामावर यायला चार चाली लागणार असतील आणि राजाला मात तीन चालींत बसणार असेल, तर त्या डावात तो हत्ती नसल्यातच जमा. हल्ला करणारा खेळाडू हे बघतो. राजाभोवतीच्या आठ-दहा घरांत माझे किती मोहरे पोचतात, त्याचे किती पोचतात आणि किती चालींत? तिथं माझं पारडं जड असेल, तर उरलेल्या पटावर एखादा उंट कमी असला तरी चालतं.

एक उदाहरण पटावर मांडूनच बघावं. इटलीचा ग्रेको हा खेळाडू १६२० च्या सुमारास आपल्या हस्तलिखितांत डाव उतरवून ठेवत होता; त्याच्या काळापासून हा हल्ला माहीत आहे आणि आजही शाळकरी स्पर्धांत दर वर्षी कुणी ना कुणी त्याला बळी पडतं. पांढऱ्याचा उंट डी-३ वर, घोडा एफ-३ वर, वजीर स्वतःच्या घरात, एक प्यादं ई-५ पर्यंत पुढं गेलेलं. काळ्यानं राजाच्या बाजूला किल्लेकोट केलेला: राजा जी-८ वर, हत्ती एफ-८ वर, समोर तीन प्यादी न हललेली. दिसायला भक्कम घर. पण ई-५ वरच्या प्याद्यामुळं काळ्याचा घोडा एफ-६ वर बसू शकत नाही, आणि एच-७ च्या प्याद्याचा खरा राखणदार तोच असतो.

पांढरा उंटानं एच-७ चं प्यादं मारतो, शह. राजा उंट मारतो. आता घोडा जी-५ वर, पुन्हा शह. घोडा एफ-३ वरून हलला, त्यामुळं मागच्या वजिराची तिरकी वाट मोकळी झाली, ही यातली खरी मेख. राजा जी-८ ला परतला तर वजीर एच-५ वर येतो आणि एच-७ वर मात लागायची धमकी उभी राहते. काळा पळवाट काढायला एफ-८ चा हत्ती ई-८ वर सरकवतो. मग वजीर एफ-७ चं प्यादं मारून शह देतो, राजा कोपऱ्यात, वजीर पुन्हा एच-५, शह, राजा जी-८, वजीर एच-७, शह, राजा एफ-८, वजीर एच-८, शह, राजा ई-७, आणि वजीर जी-७ वर येऊन मात. या सगळ्या धावपळीत काळ्याचा वजीर, दुसऱ्या बाजूचा हत्ती, घोडे, उंट यांना एकदाही हात लावायला मिळाला नाही. सुरुवातीला पांढऱ्यानं उंट दिला आणि एक प्यादं घेतलं, म्हणजे तक्त्याप्रमाणं दोन गुणांचं नुकसान. राजाच्या अंगणात मात्र पांढऱ्याचे वजीर, घोडा आणि ई-५ चं प्यादं असे तीन होते, आणि काळ्याकडून तिथं हजर असलेला एकटा हत्ती स्वतःच्याच राजाची वाट अडवून उभा होता.

हा हल्ला पाठ करून भागत नाही, कारण तो कधी फसतो तेही तितकंच ठरलेलं आहे. काळ्याचा एखादा उंट किंवा वजीर पुढच्या चालीत एफ-५ वर किंवा त्याच तिरक्या रेषेवर कुठंही येऊन एच-७ राखू शकत असेल, तर मातेची धमकी विरते आणि आपण एक मोहरा कमी घेऊन बसतो. जी-५ च्या घरावर काळ्याचा मारा असेल तरी घोडा तिथं टिकत नाही. शिवाय राजा माघारी न जाता जी-६ वर पुढं सरसावला तर पांढऱ्याला वजीर जी-४ वर आणून राजाचा पाठलाग करावा लागतो, आणि तो डाव घरी अभ्यास केल्याशिवाय पटावर सापडत नाही. म्हणून उंट हातात धरण्यापूर्वी तीन प्रश्न: घोडा टिकेल का, वजीर वेळेत पोचेल का, एच-७ कुणी राखू शकतं का? तिन्हींची उत्तरं मनासारखी आली तर चाल करायची. इथं छातीचा प्रश्न कमी आणि मोजणीचा जास्त आहे.

पॉल मॉर्फी या अमेरिकन तरुणानं १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरा हाउसमध्ये ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध खेळलेला डाव जगभर पहिल्या वर्षी शिकवतात. अवघ्या १७ चालींचा डाव. तो बहुतेक वेळा वजिराच्या बलिदानासाठी दाखवला जातो, मला मात्र तो दहाव्या चालीसाठी दाखवावासा वाटतो. त्या चालीला मॉर्फी घोडा देतो. त्या क्षणी पट थांबवून मोजावं. मॉर्फीचा वजीर, दोन्ही उंट आणि राहिलेला घोडा असे चारही मोहरे बाहेर आलेले आहेत. काळ्याचा एक घोडा बाहेर आहे आणि वजीर ई-७ वर येऊन आपल्याच उंटाच्या तोंडावर बसला आहे. दोन हत्ती, एक उंट, एक घोडा अजून घरात. राजा मधोमध, किल्लेकोट झालेला नाही. घोडा देऊन मॉर्फीनं त्या राजाकडे जाणारी तिरकी रेषा उघडली, लांब बाजूला किल्लेकोट करून हत्ती मोकळ्या डी-पट्टीवर आणला, एक हत्ती दिला, दुसरा त्याच जागी आणला, शेवटी वजीर बी-८ वर नेऊन देऊन टाकला आणि हत्तीनं मात केली. मात झाली तेव्हा मॉर्फीकडे प्याद्यांखेरीज एक हत्ती आणि एक उंट उरला होता. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळं होतं. त्यातला राजाकडचा उंट आणि हत्ती सबंध डावात जागचे हलले नव्हते. हा डाव मुलांना दाखवताना ‘बघा, वजीर दिला’ असं म्हटलं की ती टाळ्या वाजवतात आणि पुढच्या स्पर्धेत कुठंतरी वजीर देऊन येतात. ‘दहाव्या चालीला कोण किती मोहऱ्यांनिशी खेळतंय ते लिही’ असं सांगितलं की डोळे उघडतात.

मोहरे जपून ठेवण्याचा हा हव्यास आपल्या मातीतला म्हणावा, तर तसंही दिसत नाही. गावाकडच्या जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, त्यामुळं डाव सावकाश रंगायचा. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची मुभा होती, पण तोवर त्याला शह बसलेला नसेल तरच. म्हणजे लवकर एक शह बसवला की राजाचा पळण्याचा हक्क गेला. त्या एका शहासाठी काही सोडावं लागलं तरी सौदा परवडू शकतो, हे सांगायला पुस्तक लागत नाही. आणि समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा पाडला तर ती बुर्जी. तिला मातेचा मान नव्हता. प्याद्यानं केलेली मात विशेष मानाची. ज्या खेळात सगळं मारून टाकणाऱ्यापेक्षा नेमकी मात करणारा मोठा ठरतो, त्या खेळानं घडवलेली नजर गल्ला मोजणारी कशी असेल?

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ होता, ‘विलासमणिमंजरी’. त्याचं इंग्रजी रूपांतर मुंबईत १८१४ मध्ये छापलं गेलं, आणि तेही युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेलं. त्याचा भर पूर्ण डावांपेक्षा मांडलेल्या स्थितींवर आहे: अशी अशी मांडणी, आता मात कशी कराल? पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत लिहिणाऱ्या या शास्त्रीबुवांनी निवडलेली शिकवण्याची पद्धत आजही सगळ्यात उपयोगी आहे, असं मी ठामपणे म्हणेन. स्थिती मांडा, राजाकडे बघा, मोहऱ्यांची मोजदाद विसरा आणि मात शोधा.

देशी खेळात मुरलेल्या माणसाची युरोपीय हल्ल्याशी गाठ पडली तेव्हा काय झालं, याचं कागदावर राहिलेलं उत्तम उदाहरण कलकत्त्याचं आहे. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर तिथं वकिली करायचा आणि बुद्धिबळात पक्का हल्लेखोर होता. १८४८ च्या सुमारास कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबातल्या एकाला मुफसलात, म्हणजे शहराबाहेरच्या भागात, एक ब्राह्मण सापडला, जो त्याच्या भागात कधी हरलेला नव्हता. त्याचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. तालुक्याच्या गावातला अजिंक्य खेळाडू शहरात येऊन मोठ्याशी भिडतो, ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही पालकाला ओळखीची वाटेल. दोघं पुढं वर्षानुवर्षं खेळले. महेशचंद्र प्यादी एकेक घर सरकवत, उंट कडेजवळच्या घरातून लांब तिरक्या रेषेवर बसवत. जगात आज ‘इंडियन डिफेन्स’ म्हणून जी घराणी ओळखली जातात त्यांच्या नावामागं त्यांच्या या खेळाचा मोठा वाटा आहे. कॉक्रेनचा खेळ उलट. चौथ्या चालीलाच एफ-७ च्या प्याद्यावर घोडा देऊन राजा बाहेर ओढायचा, असा एक गॅम्बिट आजही त्याच्या नावानं ओळखला जातो, आणि तो त्यानं महेशचंद्रांविरुद्धच खेळला.

त्यांचा १८५५ चा एक डाव माझा विशेष आवडता. कॉक्रेन पांढरा. अठराव्या चालीला त्याचा घोडा एफ-७ वर घुसतो. काळ्याचा राजा जी-८ वर आहे, पण तो घोडा मारू शकत नाही, कारण बी-३ वर बसलेला पांढरा वजीर लांबच्या तिरक्या रेषेतून एफ-७ राखतो आहे. घोड्यानं काळ्याच्या वजिरावर मारा धरलेला. महेशचंद्रांनी उलटा टोला हाणला, आपला घोडा ए-५ वर नेऊन पांढऱ्या वजिरावरच हल्ला केला. वजीर वाचवायला हलला की तिरकी रेषा सुटेल, असा साधा विचार. आणि इथं पांढऱ्याची तीन चालींत मात आहे. घोडा एच-६ वर: एकाच वेळी घोड्याचा आणि वजिराचा असा दुहेरी शह. दुहेरी शहात काही मारूनही सुटका नसते, राजाला हलावंच लागतं; एफ-८ ला गेला तर वजीर एफ-७ वर येऊन लगेच मात, म्हणून कोपऱ्याचं एच-८ हेच घर उरतं. मग वजीर थेट राजाच्या शेजारी, जी-८ वर. राजा त्याला मारू शकत नाही, घोडा राखतो आहे; मारायचं तर हत्तीनंच, आणि हत्ती आला की राजाचं ते शेवटचं घरही भरलं. आता घोडा पुन्हा एफ-७ वर. राजाच्या शेजारी आपलाच हत्ती, समोर आपलाच उंट, आपलंच प्यादं. जागच्या जागी कोंडून मात. पांढऱ्यानं नऊ गुणांचा वजीर देऊन टाकला आणि त्या बदल्यात काळ्याचा हत्ती त्याच्याच राजाच्या घरावर आणून बसवला. हा व्यवहार तक्त्यात बसत नाही, पटावर मात्र तो शंभर टक्के बरोबर आहे.

ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ स्पीलमननं १९३५ मध्ये बलिदानावरच एक पुस्तक लिहिलं आणि त्यात दोन जाती वेगळ्या काढल्या. एक दिखाऊ बलिदान, दुसरं खरं. कॉक्रेनचा वजीर दिखाऊ जातीतला: तीन चालींनंतर मात नक्की, म्हणजे काही गेलंच नाही. आपल्या भागातल्या आखाड्यांत पैलवान समोरच्याला पट काढायला मुद्दाम पुढं येऊ देतो आणि तो वाकला की वरून डाव टाकतो, तसाच हा प्रकार. खरं बलिदान वेगळं. त्यात शेवट दिसत नाही. मोहरा गेला, बदल्यात राजाची तटबंदी फुटली, आपले मोहरे मोकळे झाले, समोरच्याला दहा चाली अचूक बचाव करावा लागणार, इतकंच हाती असतं. गणित पूर्ण होत नाही आणि तरी निर्णय घ्यावा लागतो. अनुभवाचा आणि स्वभावाचा भाग इथं सुरू होतो.

या जातीचा सगळ्यात मोठा खेळाडू रिगाचा मिखाईल ताल. १९६० मध्ये मॉस्कोत, वयाच्या २३ व्या वर्षी, त्यानं तेव्हाचा जगज्जेता बोटविनिक याला १२.५-८.५ असं हरवून जगज्जेतेपद मिळवलं. त्या लढतीच्या सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यानं घोडा एफ-४ वर नेऊन देऊन टाकला. प्रेक्षागृहात इतका गलका झाला की डाव आतल्या बंद खोलीत हलवावा लागला. पुढं अभ्यासकांनी शोधून काढलं की बोटविनिककडे बचाव होता. पण तो घरी, निवांत, दिवसभर पट मांडून सापडला. घड्याळ चालू असताना, समोर ताल बसलेला असताना तो सापडला नाही. ताल चुकीचा खेळला की बरोबर? माझ्या मते बरोबर. समोरच्याची वेळ आणि त्याचा मेंदूही पटावरच असतो, त्याचाही हिशेब धरायला हवा. मात्र हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाला लगेच सांगू नये. आधी त्याला कॉक्रेनची तीन चालींची मात डोळे मिटून सांगता आली पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रातलं अगदी ताजं उदाहरण नाशिकच्या विदित गुजराथीचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरंटोत कॅन्डिडेट्स स्पर्धा झाली. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी, आठ जणांची. दुसऱ्या फेरीत विदितसमोर अमेरिकेचा हिकारू नाकामुरा. तो दीर्घ वेळेच्या डावांत ४७ डाव हरला नव्हता. विदितकडे काळे मोहरे. अकराव्या चालीला त्यानं उंट एच-३ वर घातला, नाकामुराच्या किल्लेकोटासमोरचं कडेचं प्यादं मारलं. उंटाच्या बदल्यात राजाच्या पुढची भिंत पडली आणि विदितचे मोहरे त्या खिंडारातून आत आले. तीस चालींच्या आत नाकामुरानं डाव सोडला. त्याच स्पर्धेत नवव्या फेरीत विदितनं त्याला पुन्हा हरवलं. बलिदानाला नेहमी पांढऱ्याची पहिली चाल आणि पुढाकार लागतो, असा एक समज स्पर्धांच्या हॉलमध्ये फिरत असतो. ज्यांचा तसा समज आहे त्यांनी तो डाव पटावर मांडून खेळून बघावा. पाच महिन्यांनी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या खुल्या संघानं सुवर्ण जिंकलं त्यात विदित होता. महिला संघाच्या सुवर्णात नागपूरची दिव्या देशमुख होती आणि त्या संघाचा कर्णधार होता पुण्याचा ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, दिव्यानं जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, अंतिम लढतीत कोनेरू हंपीला हरवून.

विदितच्या त्या उंटामागं संगणकाचा अभ्यास असणार हे उघड आहे. आज त्या पातळीवर कुणीही यंत्राशिवाय तयारी करत नाही. यंत्रानं बलिदानाचं काय केलं, ही गोष्ट मजेची आहे. सुरुवातीला असं वाटलं की संगणक आला, आता जुने सगळे हल्ले खोडून निघणार. बरेच निघालेही. मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये अल्फाझिरो हा स्वतःशीच खेळून शिकलेला संगणक प्रोग्राम स्टॉकफिश या त्या वेळच्या अव्वल इंजिनाशी १०० डाव खेळला. २८ जिंकला, ७२ बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. त्या डावांत तो प्यादं, कधी मोहरा सोडत होता आणि मोबदला वीस-वीस चालींनंतर वसूल करत होता, तोही बहुतेक वेळा समोरच्या मोहऱ्यांना हलायला जागाच न ठेवून. म्हणजे स्पीलमनच्या दुसऱ्या जातीच्या बलिदानाला यंत्रानं मान्यता दिली, फक्त त्यातला थरार काढून टाकला.

यंत्राचा तोटाही आमच्या भागात रोज दिसतो. डाव संपला की पोरगं मोबाइल काढतं, चाली टाकतं, पडद्यावर लाल खूण येते, ‘इथं चुकलो’ म्हणतं आणि मोबाइल खिशात. का चुकलं, काय मोजायला हवं होतं, हा भाग गायब. इंजिन उघडण्याआधी त्या चालीपाशी आपण काय विचार केला होता ते दोन ओळींत वहीत लिहायचं, एवढी एक सवय लावली तरी फरक पडतो. नोंदवहीत चाली लिहिताना कडेला जागा असतेच.

दुसरी अडचण वेळेची. दहा-पंधरा मिनिटांच्या डावात एक पूर्ण हल्ला मोजायला सवडच मिळत नाही. मानांकनाच्या, दीर्घ वेळेच्या स्पर्धांसाठी बारामतीहून पुण्याला शंभरेक किलोमीटर जायचं, इंदापूरहून त्याहून जास्त, राहायचा खर्च वेगळा. घरची शेती, ऊसतोडीचे दिवस, परीक्षा यांतून किती पालकांना ते जमणार? म्हणून महिन्यातून एक रविवार, तालुक्याच्याच गावात, प्रत्येकाला दीड तास देऊन दोनच डाव खेळवले पाहिजेत. बक्षीस नसलं तरी चालेल. पट आहेत, घड्याळं आहेत, शाळेचा हॉल मागितला तर मिळतो. मुलाला पटासमोर एका चालीवर वीस मिनिटं बसायची परवानगी आयुष्यात एकदा तरी मिळायला हवी.

आणि शिकवताना बचावाला विसरून चालणार नाही. तालनं जिंकलेलं जगज्जेतेपद वर्षभरात गेलं. १९६१ च्या परतीच्या लढतीत पन्नाशीला आलेल्या बोटविनिकनं त्याला १३-८ असं हरवलं. त्यानं तालचे डाव बारकाईनं अभ्यासले होते. वजिरांची अदलाबदल करायची, डाव अंत्यखेळात न्यायचा आणि हल्ल्याला मोहरेच शिल्लक ठेवायचे नाहीत, अशी त्याची आखणी होती. घेतलेला मोहरा योग्य वेळी परत देऊन टाकणं हा बचावाचा सगळ्यात खात्रीचा उपाय, आणि मोहरे साठवणाऱ्या मुलाला तोच सगळ्यात अवघड जातो. त्यासाठी एक सराव करून घेता येतो. वरची ग्रेकोची स्थिती मांडायची, उंट एच-७ वर दिल्यानंतरची. दोन मुलं बसवायची. एकानं पांढरं घेऊन मात करायचा प्रयत्न करायचा, दुसऱ्यानं काळं घेऊन वाचायचा. डाव संपला की बाजू बदलायची. मग काळ्याचा एक उंट असा ठेवायचा की तो एफ-५ वर येऊ शकेल, आणि पुन्हा तेच.